बारा कुंड्या घेवडा

आमच्या मळ्यात, म्हणजे गावाने भाजीपुरते तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या जमिनीत, बाईला तुकडा मिळायला साठ वर्षं लागली, आणि ती बाई मी. नवरा गेला तेव्हा नियमाप्रमाणे त्याचा तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जायला हवा होता. मी खोपीला नवं कुलूप लावलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि मंडळाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं, "आर्नल्ड इथे कबुतरं उडवायला यायचा. अठरा वर्षं कुदळ मी मारतेय." पुरुष हसले, पण खोटं कोणालाच म्हणता आलं नाही. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पुढे सत्तावीसही तुकड्यांची मी चिटणीस झाले. आता नाही.

या सव्वीस वर्षांत मी दुकानातून भाजी आणली नाही. एक गाजरसुद्धा नाही. हे मी येईल त्याला सांगत असे आणि समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघत असे. एप्रिल आणि मे हे आमच्याकडे भुकेचे महिने. थंडीतला कोबी फुलावर जातो, पोत्यातले बटाटे मऊ पडून कोंब काढतात आणि नवं अजून काहीच तयार नसतं. हे दोन महिने ज्याने काढले त्याने वर्ष काढलं.

नेव्हिल रेन गेल्या सप्टेंबरात आला. गावाखालचा तारेचा कारखाना बंद पडला त्यात त्याची नोकरी गेली होती. चाळिशीचा, उंच, तोंडातून शब्द मोजून काढणारा माणूस. घरी बायको कॉरिन, दोन लहान मुली आणि त्याची आई. खाणारी तोंडं पाच आणि कमावणारी एकटी कॉरिन, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या कामावर.

"किती पिकवायचं म्हणतोस?" मी विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे भाजीसाठी दुकानात जावं लागू नये. वर्षभर."

आमचा अध्यक्ष कथबर्ट टुलिप कुंपणाला टेकून उभा होता. कबुतरवाला माणूस, त्याच्या कोटावर कायम एखादं पीस असतं. तो म्हणाला, "अरे बाबा, पहिल्या वर्षी तणाशिवाय काही उगवलं तरी रविवारी जाऊन देवाचे आभार मान."

नेव्हिलने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बारा चौकोन, बारा महिने, आणि प्रत्येकात काय खायचं ते. मी आधी एप्रिल-मेचे चौकोन बघितले. लोक तेच रिकामे सोडतात. याने ते सगळ्यात भरगच्च भरले होते. कांद्याच्या जातीचे लीक, कोबीच्या जातीची केल, जांभळी ब्रोकोली, वाळूत पुरून ठेवलेलं बीट, बरणीत मीठ लावलेला घेवडा. त्या कागदासाठी मला तो माणूस पहिल्याच दिवशी आवडला.

माझा भाऊ विल्फ वर डोंगराकडे घोडे पाळतो. दर ऑक्टोबरात त्याच्या तबेल्यातून लिदीच्या खताची एक ट्रॉली येते आणि ती सहा-सात जणांत वाटून जाते. मळ्यात मला जो मान मिळाला तो या खताने मिळाला, हे कबूल करायला हरकत नाही. त्या ऑक्टोबरात मी अख्खी ट्रॉली नेव्हिलला दिली. दोन बादल्या काय त्या मी माझ्या काचघरासाठी ठेवल्या. माझ्या तुकड्याला मी कथबर्टकडून कबुतरांची विष्ठा मागून घेतली.

"थोरा हेपलला जावई मिळाला वाटतं," कोणीतरी माझ्या मागून म्हणालं.

"तुला हेवा वाटत असेल तर तूही कामाला लाग," मी म्हटलं.

खत गल्लीतून आत न्यायला सगळं रेन कुटुंब आलं. कॉरिन कामावरून तशीच आली होती, कोटाखाली निळा गणवेश. "घोड्यांनी त्यांचं काम केलंय, आपण निदान उचलू तरी," ती म्हणाली आणि तिने पहिली ढकलगाडी भरली. ती शहरात वाढलेली, फावडं उलटं धरायची, पण थांबायची नाही. त्यांनी तुकड्याच्या खालच्या अर्ध्यात खत पसरलं. वरचा अर्धा गाजर आणि पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप यांच्यासाठी तसाच ठेवला, कारण ताज्या खतात मुळांना फाटे फुटतात. उरलेला ढीग माझ्या खोपीमागे राहिला.

त्या दिवशी मी नेव्हिलला माझा एकुलता एक मंत्र दिला. "जमिनीला दिलं तर जमीन देते. पीक आजारी दिसलं की समजायचं, जमीन उपाशी आहे."

त्याने ते घरी जाऊन लिहून ठेवलं असणार. तो तसाच होता.

मार्चच्या सुरुवातीला मी काचघरात कुंड्यांमधून घेवडा लावला, दरवर्षी लावते तसा, त्या दोन बादल्यांतलं खत घालून. छान उगवला. मग तिसरं पान आलं आणि ते उलगडेना. तान्ह्या मुलाच्या मुठीसारखं आत वळलं, शेंडा पिळवटला, देठ जाड झाला. मी म्हटलं, थंडी. मग म्हटलं, मावा. पण मावा दिसत नव्हता. तेव्हा मी बारा कुंड्या घेतल्या. सहांत खत, सहांत साधी माती. बी एकाच पाकिटातलं, पाणी एकाच पिंपातलं. दोन आठवडे झाले आणि सहा रोपं सरळ उभी होती, सहांच्या मुठी वळल्या होत्या.

मी विल्फला फोन केला.

"घोड्यांना गवत कुठलं घातलंस या खेपेला?"

"का गं?"

"सांग आधी."

"खोऱ्यातल्या एकाकडून घेतलं. त्याच्या कुरणात काटेरी झुडपं फार झाली होती, त्याने औषध मारलं होतं. घोड्यांना काही झालं नाही. मजेत आहेत."

"घोडे मजेत आहेत रे, माझा घेवडा मेला."

तो म्हणाला, "थोरा, मी पंधरा ठिकाणी खत देतो. तू उगाच बोभाटा करू नकोस."

औषध गवतात, गवत घोड्यात, लीद मातीत. मला सगळं लख्ख समजलं. तो एप्रिलचा शेवट होता. नेव्हिलने आमच्या रीतीप्रमाणे गुड फ्रायडेला बटाटे लावले होते, पण ते अजून मातीखाली होते. घेवडा आणि मटार तर पेरायचेच होते. बटाटे काढून वरच्या अर्ध्यात लावता आले असते. खालच्या अर्ध्यात या औषधाला भीक न घालणारं पीक घेता आलं असतं, मका, लीक, कोबी. चौकोनांची थोडी अदलाबदल झाली असती, पण पाच जणांचं वर्ष निघालं असतं. फक्त मी तोंड उघडायला हवं होतं.

मी गेले होते. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही, जे झालं ते सांगते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तुकड्याशी गेले. कॉरिनने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. धाकटी मुलगी एका फळीवर रंगाने काहीतरी लिहीत होती. नेव्हिल कमरेवर हात ठेवून उभा होता आणि शेजारच्या तुकड्यावाल्याला सांगत होता, "ही सगळी मिसेस हेपल यांची कृपा. त्या नसत्या तर मी सुरुवातच केली नसती." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी चहा प्यायले, फळीचं कौतुक केलं आणि घरी आले. म्हटलं, उद्या सांगू. दोन दिवसांनी सांगणं आणखी कठीण झालं, आठवड्याने त्याहून कठीण.

मेमध्ये बटाटे वर आले ते वाकडेच. पानं वळलेली, शिरा उठलेल्या. घेवडा दोन पानांवर थांबला. मटार बोटभर होऊन लोळला. खालचा सगळा अर्धा तसाच. कुंपणाशी पाच-सहा जण जमले. कथबर्टने एक रोप उपटलं, उन्हात धरलं.

"हे तणनाशक आहे," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. झारी कोणाची आहे?"

कॉरिनच बोलली. प्रामाणिक माणसांची हीच खोड असते.

"मार्चमध्ये घरच्या अंगणातल्या फरशीतलं गवत मारायला मी हिरव्या झारीतून औषध घातलं होतं. पण मी ती झारी तीनदा धुतली. गरम पाण्याने."

सगळ्यांनी त्या झारीकडे बघितलं. ती वाटेवर ठेवली होती, तिच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं.

"तीनदा," कथबर्ट म्हणाला. "मुली, त्याला तीस वेळा धुवून पुरत नाही."

धुतलेल्या झारीने अर्धा तुकडा जळत नाही. मला ते ठाऊक होतं, आणि कथबर्टलाही ठाऊक असायला हवं होतं. पण आयतं कारण समोर आलं की डोकं कोण चालवतो? शहरातली सून, उलटं फावडं, हिरवी झारी. खापर फोडायला डोकं मिळालं. आणि मी, जिला मळ्यात सगळे तिखट जिभेची म्हणतात, ती तिथे मूग गिळून उभी राहिले.

नेव्हिल ओरडला नाही. त्याने झारी उचलली, तिच्यातलं पाणी वाटेवर ओतलं आणि म्हणाला, "तू आता घरचं बघ, कॉरिन. इकडचं मी बघतो."

जूनमध्ये एका दुपारी कॉरिन माझ्या काचघराशी आली. मी घाईने बाकाखालच्या कुंड्यांवर गोणपाट ओढलं. तोपर्यंत माझ्या तीन खेपा झाल्या होत्या. दर महिन्याला मी त्याच बारा कुंड्या नव्याने लावत होते, एखाद्या वेळी सगळं सरळ येईल आणि मी सुटेन म्हणून.

"मिसेस हेपल, ते मातीतून कधी जातं का हो?"

"जातं पोरी. वर्ष-दोन वर्षं लागतात."

"मुली विचारतात, मटार कधी. काय सांगू?"

"तो ओरडतो का तुझ्यावर?"

"ओरडला असता तर बरं होतं. मी दुकानातले बटाटे वाढते. तो आधी ताटाकडे बघतो, मग माझ्या हातांकडे. सासूबाई म्हणतात, 'जाऊ दे रे, शहरातली आहे ती.' आहे मी शहरातली. पण दिवसाला नऊ म्हातारी माणसं धुते मी. मला एक झारी धुता येत नाही?"

ती रडली नाही. तिचे हात बघितले तर बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली होती. तिचं ते धुणं आता झारीपुरतं राहिलं नव्हतं.

मी मागच्या वाफ्यातून एक कोबी कापून आणला आणि तिला दिला. ती म्हणाली, "थँक्यू, तुम्ही फार चांगल्या आहात." तो कोबी तिच्या हातात देताना मला स्वतःची इतकी किळस आली की मी दार लावून घेतलं.

तरीही पुढचं मी केलंच.

जुलैत नेव्हिल आला. वरच्या अर्ध्यातली गाजरं-पार्सनिप चांगली होती, आणि तिथेच त्याने एक रुंद पट्टा थंडीच्या पिकासाठी राखून ठेवला होता. उशिराचा घेवडा, उशिराचे बटाटे. त्याचं वर्ष त्या पट्ट्यावर येऊन टेकलं होतं.

"तुमच्या खोपीमागचा उरलेला ढीग नेऊ का?"

"आता? भर उन्हाळ्यात कोणी खत घालतं का?"

"जमीन उपाशी आहे," तो म्हणाला. "पीक आजारी दिसलं की समजायचं, असं तुम्हीच म्हणाला होता. खाली तिने जे केलं ते केलं. वरचं तरी मला धडधाकट करू दे. गाजरांच्या ओळींमधूनही पसरतो, वरवर. नेऊ ना?"

माझाच मंत्र त्याने माझ्यासमोर धरला होता. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं आणि कारण दिलं की एप्रिल सांगावा लागला असता. एप्रिल सांगितला की मे, आणि मेमधली ती झारी.

"ने," मी म्हटलं.

त्याने अकरा ढकलगाड्या नेल्या. मी काचघरात बसून मोजल्या. प्रत्येक गाडीला उठावं असं वाटत होतं. उठले नाही. आधी मी फक्त गप्प राहिले होते. आता मी तोंडाने हो म्हटलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर वरचा घेवडा वळला. गाजरांचे शेंडे पिवळे पडले. नेव्हिलने एका सकाळी सगळं उपटलं, जे जगलं असतं तेही. एक ओळ लीकची होती, ती कधीच मेली नसती. तीही गेली. तो उपटताना मी बघत होते. रागाने उपटणारा माणूस मुळं झटकतो. हा प्रत्येक रोप खाली नीट ओळीत ठेवत होता.

पुढच्या आठवड्यात पाहणीचा दिवस होता. आमचा नियम असा की तुकड्याचे तीनातले दोन हिस्से पिकाखाली हवेत, नाहीतर नोटीस. यादीत एकोणीस लोक वाट बघत होते.

"पत्र लिही, थोरा," कथबर्ट म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. "नियम म्हणजे नियम. शनिवारी देऊन टाक."

शनिवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या खोपीत बसत असे. त्या शनिवारी पत्र टेबलावर होतं आणि पत्त्याच्या जागी नाव घालायचं बाकी होतं. कॉरिन आली. तिने दार लावलं, पण बसली नाही.

"पत्र द्यायचंय ना आज?"

"हो."

"त्याला नका देऊ. मी नियम वाचलेत. मळ्यात तणनाशक आणणाऱ्याला मनाई करता येते. कलम नऊ. मग तसं वहीत लिहा. तुकडा मी खराब केला, म्हणून मला मनाई. त्याचा काही दोष नाही, तर त्याला आणखी एक वर्ष द्या. मी सही करते."

"कॉरिन..."

"त्याच्याकडे दुसरं काही नाही, मिसेस हेपल. तो सकाळी उठतो आणि तो कागद बघतो. अजून भिंतीवर आहे. हे गेलं तर तो कशासाठी उठेल, मला माहीत नाही. लिहा. मी केलंय ते मी केलंय."

"तुला खरंच वाटतं, तू केलंस?"

"सगळ्यांना वाटतं. मग मलाही वाटायला लागलं," ती म्हणाली. "झारी तीनदा धुतली होती की दोनदा, तेही आता मला नीट आठवत नाही."

मी इतिवृत्ताची वही उघडली. पेन उचललं. तारीख घातली. 'श्रीमती कॉरिन रेन यांनी' एवढं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं, आणि हात पुढे जाईना. चिटणीस झाल्यापासून त्या वहीत मी एक खोटं वाक्य लिहिलं नव्हतं. हे वाक्य लिहिलं असतं तर ते माझ्या मरणानंतरही तिथे राहिलं असतं, आणि तिच्या नातवंडांनाही वाचता आलं असतं.

"इथेच थांब," मी म्हटलं.

मी काचघरात गेले, गोणपाट काढलं आणि तो पत्र्याचा ट्रे उचलून आणला. बारा कुंड्या. पाचवी खेप. सहा सरळ, सहा मुठी.

"या सहांत माती आहे," मी म्हटलं. "या सहांत खत आहे. माझ्या भावाचं. तुझ्या झारीचा काही संबंध नाही. औषध खतात होतं."

ती कुंड्यांकडे बघत राहिली. वळलेलं एक पान तिने नखाने उलगडायचा प्रयत्न केला. ते फाटलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

तिने बोटं मोजली, अगदी शांतपणे, मुलांना मोजायला शिकवतात तशी. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. जूनवर तिचं बोट थोडं थांबलं. त्या कोबीवर थांबलं असणार.

"माहीत होतं म्हणूनच अख्खी ट्रॉली आम्हाला दिलीत का? स्वतःच्या तुकड्यात एक गाडी घातली नाहीत."

"नाही गं! शपथ. ऑक्टोबरात मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मला तुम्ही आवडलात म्हणून दिली."

तिचा चेहरा बघूनच कळलं की तिला हे पटलं नाही. पाच महिन्यांत मी तिच्याशी बोललेली ती पहिली खरी गोष्ट होती, आणि तिने ती का मानावी? आजही मळ्यात अर्धे लोक तेच म्हणतात. मी वाद घालत नाही.

तिने ट्रे उचलला. "चला."

"कुठे?"

"घरी. हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

मळ्यापासून त्यांचं घर चार गल्ल्यांवर. शनिवारची सकाळ, लोक दारात उभे, कोणी गाडी धूत होतं. पुढे ती, दोन्ही हातांत तो ट्रे, मागे मी. एकीने विचारलं, "काय गं कॉरिन, विकायला काढलीस का रोपं?" कॉरिन म्हणाली, "नाही, दाखवायला." मला एक गल्ली जास्त असती तरी चाललं असतं.

नेव्हिल स्वयंपाकघरात होता. दुकानातले बटाटे सोलत होता. आई खिडकीशी बसली होती. भिंतीवर तो बारा चौकोनांचा कागद, आणि ऑगस्टपर्यंतच्या चौकोनांवर पेन्सिलीच्या रेघा. कॉरिनने ट्रे सालींच्या शेजारी ठेवला.

मी उभ्यानेच सांगितलं. कोणी बस म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते. एप्रिल सांगितला, विल्फचा फोन सांगितला, कुंपणापाशी गप्प राहिले ते सांगितलं. अकरा ढकलगाड्या सांगितल्या. त्या सांगताना माझा आवाज गेला, तर परत पहिल्यापासून सांगितल्या.

नेव्हिलने सरळ रोपाला हात लावला, मग वळलेल्याला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. तो उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. कोळशाच्या कोठीचं दार वाजलं. मला वाटलं, आता तो काही परत यायचा नाही.

तो आला तेव्हा त्याच्या हातात हिरवी झारी होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. त्याने ते शर्टाच्या बाहीने पुसलं, तोटीपासून मुठीपर्यंत, आणि झारी कॉरिनपुढे धरली.

"कॉरिन," तो म्हणाला.

तिने हात कोटाच्या खिशांतून काढले नाहीत. "ठेव तिथे कुठेतरी," ती म्हणाली.

तो झारी धरून तसाच उभा राहिला. ती माझ्याकडे वळली.

"तुमच्या तुकड्यात काय काय आहे?"

"लीक आहेत. केल, कोबी, गाजर, पार्सनिप. बटाट्यांची चार पोती निघतील. कांदे टांगलेत."

"पाच जणांना पुरेल?"

"मार्चपर्यंत पुरेल."

"आणि एप्रिल, मे?"

"जांभळी ब्रोकोली लावली आहे. आत्तापासून नीट राखली तर मेअखेरपर्यंत येईल."

"किल्ली द्या."

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं कॉरिन, म्हातारी बाई आहे ती. असं काय बोलतेस?"

"आई, तुम्ही आज काही बोलू नका," कॉरिन म्हणाली, आणि हात पुढे केला. सोललेल्या पेरांचा हात. मी एप्रनच्या खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

"मी तिथे असेन तोवर तुम्ही यायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"मे संपेपर्यंत."

सोमवारी मी वहीतलं ते अर्धं वाक्य खोडलं आणि खाली सगळं लिहिलं, माझ्या नावानिशी, महिन्यांनिशी. मग राजीनामा लिहिला. रेन कुटुंबाची नोटीस रद्द झाली. कथबर्टने वही वाचली, टोपी डोक्यावरून काढली, परत घातली आणि कबुतरांकडे गेला. विल्फ फोन घेत नाही. मी त्या पंधरा जणांनाही एकेक पत्र टाकलं, त्याचा त्याला राग आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात गेले. गल्ल्यावरच्या मुलीने पिशवी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "मिसेस हेपल, तुम्ही आणि गाजरं?"

"हो," मी म्हटलं. "वजन कर."

येताना मी मळ्याच्या कडेच्या वाटेने आले. आत जायचं नाही एवढंच ठरलं होतं, बाहेरून बघायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. कोरडा आठवडा होता. कॉरिन माझ्या तुकड्यात एकटीच होती, निळ्या गणवेशात, ब्रोकोलीच्या ओळीत. दोन तुकडे पलीकडे नेव्हिल आपली रिकामी जमीन खणत होता आणि मधूनमधून तिच्याकडे बघत होता. ती बघत नव्हती. माझ्या खोपीत दोन चांगल्या झाऱ्या आहेत, दाराच्या आत डाव्या हाताला, कोणालाही दिसतील अशा. तिने बादली घेतली होती. प्रत्येक रोपापाशी ती वाकायची, पत्र्याच्या पेल्याने बुडाशी पाणी घालायची आणि पुढे सरकायची. दोनशे रोपं आहेत त्या ओळींत, मीच लावलेली. मी उभी राहिले तेवढ्या वेळात तिची एक ओळसुद्धा पुरी झाली नाही.